अमोलाइट आणि बाघचा करडा दगड



हस्तकलेच्या प्रदर्शनांत, रत्नांच्या दुकानांत आणि कधी कधी एखाद्या दिवाणखान्याच्या शोकेसमध्येही एक वस्तू आपल्याला दिसते. जिलबीसारखा गोल गोल वेटोळे घेतलेला दगडी शंख, मधोमध कापलेला, आतून आरशासारखा घासलेला. कापलेल्या तोंडावर लहानमोठे कप्पे दिसतात आणि कप्प्यांत मधाच्या रंगाचे स्फटिक भरलेले असतात. काही शंखांच्या पाठीवर तांबडा-हिरवा रंग असा काही खेळतो की हात लावल्याशिवाय राहवत नाही. दुकानदार त्याला ‘अमोनाइट’ म्हणतो. त्याच कुळातल्या एका शंखाच्या रंगीत पापुद्र्यापासून अंगठीत बसवायचे एक रत्न तयार होते, त्याचे नाव ‘अमोलाइट’. नाव ऐकून आपल्याला ‘अमोल’ शब्द आठवतो, पण तो निव्वळ योगायोग आहे.

या अंकात अमोलाइटविषयी लिहिण्याचे कारण मात्र दागिन्यांपुरते नाही. ज्या शंखापासून उत्तम अमोलाइट मिळते, त्याचे शास्त्रीय नाव प्लॅसेंटिसेरास. हे रत्न मिळते कॅनडात. आणि याच प्लॅसेंटिसेरासचे भाऊबंद आपल्या इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, धार जिल्ह्यातल्या बाघ परिसरात, चुनखडीच्या करड्या दगडात सापडतात. एका ठिकाणी रत्न झाले, दुसऱ्या ठिकाणी साधा दगड राहिला. असे का झाले? आणि दोहोंपैकी मोलाचे कोणते? आपल्या शाळेची सहल मांडू-बाघकडे जाते तेव्हा या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक असावे, असे आम्हाला वाटते.

अमोनाइट म्हणजे कोण?

अमोनाइट हा समुद्रात राहणारा मऊ अंगाचा प्राणी होता. शंखात राहायचा म्हणून तो गोगलगायीचा जवळचा नातेवाईक असेल असे वाटते, पण त्याचे जवळचे नाते आजच्या ऑक्टोपस आणि माकूळ यांच्याशी आहे. त्याच्या शंखाची रचना मोठी हुशारीची होती. प्राणी वाढला की तो पुढे सरकायचा आणि मागे एक पडदा घालून जुनी खोली बंद करायचा. अशा बंद खोल्यांची रांग शंखात तयार होई. सगळ्या खोल्यांतून एक बारीक नळी जात असे. या नळीवाटे खोल्यांतले पाणी काढून तिथे वायू भरता येई. त्यामुळे जड शंख पाठीशी घेऊनही हा प्राणी पाण्यात अधांतरी राहू शके. आज जिवंत असलेला नॉटिलस हा प्राणी याच युक्तीने तरंगतो. दुकानातल्या कापलेल्या शंखात जे कप्पे दिसतात, त्या याच बंद खोल्या.

खोल्यांचे पडदे शंखाच्या भिंतीला जिथे चिकटत, तिथे नक्षीदार रेषा उमटत. नॉटिलसमध्ये ही रेषा साधी, वळणदार असते. अमोनाइटमध्ये ती कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली असते. ही कातरण प्रत्येक जातीत वेगळी असल्यामुळे तिच्यावरून अभ्यासक अमोनाइट ओळखतात.

या मोठ्या कुळाचे पूर्वज सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रात आले आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमारास, हे कूळही संपले. मधल्या काळात त्यांच्या हजारो जाती झाल्या. एकेक जात तुलनेने थोडाच काळ टिकली, पण तेवढ्यात दूरदूरच्या समुद्रांत पसरली. त्यामुळे खडकात अमोनाइट मिळाला की तो खडक कोणत्या काळातला हे सांगता येते. जुन्या नाण्यावरच्या राजाच्या नावावरून आपण त्याचा काळ ओळखतो, तसेच हे. कच्छच्या ज्युरासिक खडकांचा काळ लावताना अमोनाइटचाच आधार घेतला गेला. विल्हेल्म वागेन यांनी १८७३ ते १८७५ या वर्षांत कच्छच्या अमोनाइटवर लिहिलेला ग्रंथ आजही अभ्यासकांना लागतो.

देवघरातील चक्र

आपल्यापैकी अनेकांच्या देवघरात शाळिग्राम आहे. तुळशीच्या लग्नात त्याचा मान मोठा. नेपाळमधील काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांपैकी ज्यांच्यात चक्र दिसते, त्यातले ते चक्र म्हणजे अमोनाइट. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या चिखलात १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी हे शंख गाडले गेले, चिखलाचा दगड झाला, डोंगर वर उचलला गेला आणि नदीने ते गोटे घासून गुळगुळीत केले. ज्या घरात शाळिग्राम आहे त्या घरी आता मुलांना त्याची ही कहाणीही सांगता येईल. श्रद्धेला त्याने बाधा येत नाही. उलट, एवढा प्राचीन प्राणी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला याचे कौतुकच वाटेल.

या शंखाविषयी आदर फक्त आपल्याकडेच होता असे नाही. ‘अमोनाइट’ हे नावच मुळी इजिप्तच्या आमोन देवावरून आले. या देवाला मेंढ्याची शिंगे दाखवत आणि शंखाचे वेटोळे त्या शिंगासारखे दिसे. इंग्लंडच्या व्हिटबी गावात, संत हिल्डा हिने सापांचे दगड केले, अशी कथा होती. तिथले कारागीर अमोनाइटवर सापाचे तोंड कोरून ते यात्रेकरूंना विकत. कॅनडातील ब्लॅकफूट लोक अशा जीवाश्मांना ‘इनिस्किम’ म्हणजे गव्याचा दगड म्हणतात. कडाक्याच्या हिवाळ्यात लोक उपाशी असताना एका बाईला गाणारा दगड सापडला, तिने तो वस्तीत आणला आणि गव्यांचे कळप परत आले, अशी त्यांची कथा आहे. अमोलाइट नेमके याच ब्लॅकफूट लोकांच्या प्रदेशात मिळते.

रंग कुठून येतो?

आता रंगाकडे वळू. अमोलाइटमध्ये रंगद्रव्य जवळजवळ नसतेच. तो दळून पूड केली तर तांबडी किंवा हिरवी पूड मिळणार नाही. मग रंग दिसतो कसा?

शिंपल्याची आतली बाजू आठवा. मोत्यासारखी चमकणारी ती बाजू ॲरागोनाइट नावाच्या खनिजाच्या अतिशय पातळ थरांची असते. अभ्रकाचे पापुद्रे एकावर एक असतात तसे हे थर. मात्र हे थर फारच पातळ. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले, तर त्यातले दोन-चार भाग एवढीच एका थराची जाडी. प्रकाश त्यावर पडला की थोडा वरच्या थरावरून परततो, थोडा आत जाऊन खालच्या थरांवरून परततो. परतणाऱ्या या लहरी एकमेकींशी जुळल्या तर तो रंग ठळक होतो, न जुळल्या तर तो मावळतो. कोणता रंग जुळणार हे थराच्या जाडीवर ठरते. जाड थरातून तांबडा आणि हिरवा, पातळ थरातून निळा आणि जांभळा. तांबडा-हिरवा अमोलाइट त्यामानाने पुष्कळ मिळतो, निळा-जांभळा दुर्मीळ. पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो, त्याचे कारण हेच.

हे तत्त्व नवीन नाही. साबणाचा फुगा, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग, मोरपीस, जुन्या सीडीची मागची बाजू, या सर्वांत रंग अशाच तऱ्हेने रचनेतून येतो.

मग सगळेच अमोनाइट रंगीत का नाहीत?

खरी अडचण इथे आहे. ॲरागोनाइट फार काळ टिकणारे खनिज नव्हे. जमिनीत पाणी झिरपले, उष्णता लागली, काळ गेला, की त्याचे कॅल्साइट होते. दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, पण कणांची मांडणी वेगळी. ही मांडणी बदलली की पातळ थर मोडतात आणि थर मोडले की रंग गेला. पुष्कळदा शंख पूर्णपणे विरघळूनही जातो. म्हणून जगातले बहुतेक अमोनाइट करडे, काळे किंवा तपकिरी असतात.

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण भागात मात्र परिस्थिती वेगळी होती. ७.५ ते ७.१ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक लांबच लांब समुद्र पसरला होता. प्लॅसेंटिसेरास त्यात राहत. ते मरून तळाशी गेले की बारीक चिखलात गाडले जात. जवळच्या ज्वालामुखींची राख त्या चिखलात मिसळत होती. त्या राखेची पुढे बेंटोनाइट नावाची चिकणमाती झाली. ही माती पाण्याला सहसा आत येऊ देत नाही. काही शंखांभोवती लोहयुक्त खनिजाचे कठीण गोळे तयार झाले. अशा रीतीने शंख जणू बरणीत झाकण लावून ठेवल्यासारखे राहिले. वरच्या थरांच्या ओझ्याने ते चपटे झाले, त्यांना तडे गेले, पण ॲरागोनाइट टिकले. तडे गेलेल्या तुकड्यांमुळे अमोलाइट रंगीत काचेच्या खिडकीसारखा दिसतो. आज लेथब्रिज शहराच्या दक्षिणेला, सेंट मेरी नदीच्या खोऱ्यात, त्याच्या खाणी आहेत.

मादागास्करमधून येणारे कापलेले अमोनाइट सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावरही शिंपल्याची चमक काही प्रमाणात टिकलेली असते. आपल्याकडच्या प्रदर्शनांत जोडीने विकल्या जाणाऱ्या चकत्या पुष्कळदा तिथल्याच असतात. मोरोक्कोच्या वाळवंटातून येणाऱ्या काळ्या घासलेल्या दगडांत सरळ, टोकदार शंख दिसतात. ते अमोनाइट नसून नॉटिलसच्या कुळातले, त्याहूनही पुष्कळ जुने प्राणी आहेत.

खाणीपासून अंगठीपर्यंत

अमोलाइटला रत्न म्हणून मान्यता मिळून फार काळ झालेला नाही. १९८१ मध्ये जागतिक रत्न-आभूषण महासंघाने त्याला रत्न म्हणून स्वीकारले आणि २००४ मध्ये अल्बर्टाने त्याला आपल्या प्रांताचे अधिकृत रत्न ठरवले. फेंगशुईमध्ये त्याला भरभराटीचा दगड मानू लागल्यावर आशियाई देशांत त्याची मागणी वाढली.

हे रत्न फार नाजूक असते. कठिणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १० तर अमोलाइट ३.५ ते ४.५. घासून तयार केलेला रंगीत थर एका मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. म्हणून कारागीर त्याला खालून दगडाचा आधार देतात आणि वरून स्फटिकाचे किंवा कृत्रिम स्पिनेलचे पारदर्शक झाकण बसवतात. असा दागिना दोन किंवा तीन थरांचा असतो. त्यात फसवणूक नाही, मात्र विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. लिंबू, व्हिनेगर, अत्तर, जास्त उष्णता यांपासून तो जपावा लागतो, कारण आम्लात ॲरागोनाइट विरघळते.

अल्बर्टात जमिनीतले जीवाश्म प्रांताच्या मालकीचे मानले जातात. अमोनाइट खणणे, कापणे, विकणे, देशाबाहेर नेणे या सगळ्याला परवाना लागतो. एवढा कडकपणा कशासाठी? पुढच्या दोन हकिकती वाचल्या की लक्षात येईल.

दागिना की पुरावा?

पहिली हकिकत अल्बर्टाची. २००७ मध्ये तिथल्या अमोलाइटच्या एका खाणीत कामगारांना मोठी हाडे दिसली. काम थांबवून रॉयल टायरेल संग्रहालयाला कळवले गेले. अभ्यासकांनी सांगाडा काळजीपूर्वक काढला. तो लांब मानेच्या सागरी सरीसृपाचा निघाला. २०१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला अल्बर्टोनेक्टीस हे नाव मिळाले. लांबी सुमारे ११ मीटर, त्यातली मानच सुमारे ७ मीटर, आणि मानेत ७६ मणके! माणसाच्या मानेत ७ मणके असतात. एखाद्या कामगाराने त्या हाडांकडे दुर्लक्ष करून यंत्र तसेच चालवले असते, तर अमोलाइट मिळाले असते, पण या प्राण्याची ओळख कुणालाच झाली नसती.

दुसरी हकिकत ऑस्ट्रेलियाची. तिथे काही जीवाश्मांच्या जागी चक्क ओपल भरलेले असते. १९८७ मध्ये कूबर पेडी येथे एका खाणकामगाराला अशाच एका लहान सागरी सरीसृपाचा सांगाडा सापडला. हाडे ओपलची असल्याने त्याला रत्न म्हणूनही भाव होता. सांगाडा विकत घेणारा व्यावसायिक पुढे आर्थिक अडचणीत आला आणि सांगाड्याचे तुकडे होऊन तो दागिन्यांत जाईल अशी भीती निर्माण झाली. तेव्हा लोकवर्गणी काढण्यात आली. शाळकरी मुलांनीही आपली नाणी दिली. १९९३ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमने तो सांगाडा घेतला. लोक त्याला प्रेमाने ‘एरिक’ म्हणतात. २००६ मध्ये ही एक वेगळीच प्रजाती असल्याचे जाहीर झाले.

दोन्ही हकिकतींचे सार एकच आहे. रत्नाची किंमत त्याच्या रंगावर ठरते. ते कुठून आले हे न कळले तरी ते चमकतच राहते. जीवाश्माचे मात्र तसे नाही. तो कोणत्या थरात, कोणत्या शेजाऱ्यांसोबत, कोणत्या जागी पडला होता, यातच त्याचे निम्म्याहून अधिक ज्ञान असते. जागेवरून उचलून खिशात घातला की ते ज्ञान तिथेच संपते.

आपले बाघ

आता आपल्या घराजवळ येऊ. बाघ म्हटले की आपल्याला गुंफा आणि बाघ छपाईची कापडे आठवतात. पण सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्राचा एक हात शिरला होता. पश्चिमेकडून, आजच्या नर्मदेच्या खोऱ्यातून तो आत आला. त्याच्या तळाशी चुनखडीचे थर साचले. भूशास्त्रज्ञ त्यांना ‘बाघ थर’ म्हणतात. या थरांत कालवांचे शिंपले, समुद्री अर्चिन, शार्कचे दात आणि अमोनाइट मिळतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या अमोनाइटचा अभ्यास करून त्यातील प्लॅसेंटिसेरासचे वर्णन केले. पुढच्या अभ्यासकांना ही जात दक्षिण आफ्रिकेत आधी वर्णन झालेल्या जातीशी जुळणारी वाटली. म्हणजे निमाडात शिरलेला हा समुद्र आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जोडलेला असावा, ही गोष्ट एका करड्या दगडाने सांगितली.

बाघच्या या अमोनाइटला अल्बर्टासारखे रंग नाहीत. इथे बहुतेक ठिकाणी मूळ शंख विरघळून गेला आणि त्याच्या पोकळीत भरलेला चिखल दगड होऊन राहिला. मोदकाचा साचा फुटून गेला आणि मोदक राहिला, तसे हे समजा. मोदकावर साच्याच्या पाकळ्या उमटतात, तशा या दगडावर पडद्यांच्या कातरलेल्या रेषा उमटलेल्या असतात. अभ्यासकाला लागते ती माहिती या रेषांत आहे. रंग गेला तरी ती गेलेली नाही.

या समुद्रानंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे थर एकामागून एक पसरले. आपले माळव्याचे पठार, इंदूरच्या विहिरी खोदताना लागणारा काळा दगड, थेट महाराष्ट्रातला सह्याद्री, हे सगळे त्याच लाव्हाचे. पुण्या-साताऱ्याकडच्या आपल्या नातेवाइकांना डोंगरात अमोनाइट सापडत नाही, त्याचे कारण तेच. लाव्हात समुद्राचे शंख कुठून येणार? नर्मदेने आणि तिच्या उपनद्यांनी हा काळा दगड जिथे कापून काढला, तिथेच खालची चुनखडी उघडी पडली. म्हणून बाघसारख्या जागा थोड्याच आहेत.

याच परिसरातल्या, थोड्या नंतरच्या काळातल्या खडकांत डायनासोरची अंडी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. अंडी किती अंतरावर होती, एका घरट्यात किती होती, यावरून डायनासोर अंडी कशी घालत याचा अंदाज बांधता आला. अंडी जागेवर होती म्हणूनच हे शक्य झाले. त्यातली निम्मी कुणी ‘आठवण’ म्हणून घरी नेली असती तर? बाघजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून दगड उचलणे कायद्याने मना आहे. पण जीवाश्म उद्यानाच्या कुंपणाबाहेर, शेतांच्या बांधांवर आणि ओढ्यांच्या काठांवरही आहेत. तिथे राखणदार नाही. तिथे राखण आपल्या समजूतदारपणाचीच.

विकत घेताना

पालकांनी अमोनाइटची चकती किंवा दागिना घेतला तर त्यात गैर काही नाही. मात्र चार गोष्टी पाहाव्यात.

१. तो कोणत्या देशातला, कोणत्या भागातला, हे विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. उत्तर मिळत नसेल तर घाई करू नये.

२. भिंगातून पाहावे. हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर वस्तू राळेची ओतीव असू शकते. हाताला दगड थंड लागतो, राळ तितकी थंड लागत नाही.

३. एकाच दुकानात तंतोतंत सारखे अनेक शंख दिसले तर संशय घ्यावा. साच्यातून काढलेल्या वस्तू सारख्या असतात. निसर्गात दोन शंख हुबेहूब नसतात.

४. अमोलाइट हलवल्यावर रंग बदलला पाहिजे. वरचे झाकण, खालचा आधार आहे का, हे दुकानदाराकडून समजून घ्यावे.

त्याने नशीब उजळते, दुखणे जाते, असे सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर त्याला विज्ञानाचा आधार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

घरी करून पाहा

महेश्वर किंवा ओंकारेश्वरला गेलात की नर्मदेच्या काठावर रिकामे शिंपले मिळतात. त्यातला एक घरी आणा आणि त्याची आतली बाजू उन्हात हळूहळू फिरवा. गुलाबी-हिरवी झाक सरकताना दिसेल. आता त्याच शिंपल्याचा लहान तुकडा मोठ्यांच्या देखरेखीखाली व्हिनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतील, काही वेळाने चमक जाईल. जमिनीखाली लाखो वर्षांत असंख्य शंखांचे काय झाले असेल, त्याची ही छोटीशी झलक.

दुसरा प्रयोग साच्याचा. शिंपल्याच्या आतल्या बाजूला थोडे तेल लावून त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरा. सुकल्यावर शिंपला अलगद काढा. हातात राहील तो अंतःसाचा. बाघचा अमोनाइट असाच आहे.

सहलीला जाताना

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे असे. सहलीत वेगळा दगड दिसला तर तो जागेवरच राहू द्या. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्या. वहीत जागा, तारीख, दगडाचा रंग आणि आजूबाजूला काय आहे ते लिहा. शक्य असेल तर चित्र काढा, रेषांसह. मग सोबतच्या बाईंना किंवा सरांना दाखवा. खणू नका, हातोडी नेऊ नका, गावातल्या मुलांना पैसे देऊन दगड आणवू नका. विकत घेणारा भेटला की खणणारा तयार होतो.

पालकांना विनंती अशी की घरात पूर्वी कुणी आणलेला जीवाश्म असेल तर तो कुठून, कोणी, साधारण केव्हा आणला, हे आजी-आजोबांना विचारून चिठ्ठीवर लिहून दगडासोबत ठेवावे. आज विचारले तर आठवेल, आणखी दहा वर्षांनी कदाचित नाही.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. शाळेच्या विज्ञान कक्षातील कपाटात यापुढे भेट येणारा प्रत्येक जीवाश्म ठिकाणाच्या नोंदीसह स्वीकारावा. चमकदार पण बेनाव वस्तू विकत घेण्याऐवजी मुलांनी केलेले प्लास्टरचे साचे, बाघ परिसराचा नकाशा आणि सहलीतील छायाचित्रे तिथे मांडावीत. खर्च फारसा नाही. आठवी-नववीची मुले हे काम दिवाळीच्या सुटीनंतर सुरू करू शकतील. ज्या पालकांना नकाशा काढण्यात किंवा साचे करण्यात मदत करता येईल, त्यांनी वर्गशिक्षकांकडे नाव द्यावे.